उधाण, धरण आणि फॉरवर्ड : किनाऱ्यावरच्या गावाने अफवेला कसं तोंड द्यावं

जुलैतली रात्र, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, लाइट गेलेली, आणि कोकणातल्या एका वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजाची एक क्लिप येते : "धरण फुटलंय, पाणी निघालंय, वर पळा." पाठवणाऱ्याला ती डोंबिवलीहून आली, डोंबिवलीकराला चिपळूणहून, आणि चिपळूणकराला कुठून आली ते कुणालाच माहीत नसतं. धरण कुठलं, हेही क्लिपमध्ये नाही.

ती हसण्यावारी नेता येत नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री खरोखरच फुटलं होतं, माणसं वाहून गेली होती, आणि धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. म्हणून पहिला नियम असा की आलेल्या संदेशाला लगेच "अफवा" म्हणायचं नाही. तपासून होईपर्यंत ती "न तपासलेली खबर" असते. हा शब्दांचा खेळ नव्हे. एकदा अफवा म्हणून झिडकारलेली खबर खरी निघाली, तर पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकत नाही.

गावात अफवा पसरते ती लोक भोळे असतात म्हणून नव्हे. तिला रिकामी जागा मिळते. रात्री दहानंतर ग्रामपंचायत बंद, तलाठ्यांचा फोन लागत नाही, टीव्ही बंद, आणि पाणी तर दारात चढतंय. त्या वेळी जो कोणी ठामपणे बोलेल त्याचं खरं वाटतं. ही जागा आधीच भरून ठेवणं हेच मुख्य काम. देशपातळीवर याला धोरणात्मक संवाद म्हणतात, पण खालपासून वरपर्यंत तत्त्व एकच : कोण बोलणार, कशावरून बोलणार आणि किती वाजता बोलणार, हे संकटाआधी ठरलेलं असावं.

मे महिन्यातली तयारी

आंब्याच्या पेट्या भरायची गडबड सरत आली की ही कामं उरकावीत. मृग लागल्यावर जमत नाहीत.

आधी माणसं ठरवा. गावाच्या वतीने बोलणारी दोनच माणसं हवीत : एक सरपंच किंवा पोलीस पाटील, दुसरं रात्री जागं राहू शकणारं, फोन सराईतपणे वापरणारं कोणी तरी, शिक्षिका, आशाताई, मच्छीमार सोसायटीचा सचिव. पाच जण बोलू लागले की पाच उत्तरं येतात आणि त्यांतल्या फरकातूनच नवी अफवा निघते. तपासायला मात्र प्रत्येक वाडीतला एक असावा, कारण पऱ्यावरच्या साकवाला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, पाणी लागलं की नाही हे तिथलाच माणूस पाहून सांगू शकतो.

मग कुठली खबर कोणी द्यायची, हे एका पानावर लिहून काढा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

पाऊस, वारा आणि चक्रीवादळ हे भारतीय हवामान विभागाचं काम, आपल्यासाठी मुंबईचं कुलाब्याचं प्रादेशिक केंद्र. उंच लाटा आणि त्सुनामी यांचा इशारा हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था देते. भूकंपाची नोंद राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र करतं. धरणाबद्दल जलसंपदा विभाग बोलेल. शाळेची सुट्टी आणि वाड्यांचं स्थलांतर जिल्हाधिकारी ठरवतात. बोटी समुद्रात जाणार की नाही हे मत्स्यव्यवसाय विभाग आणि बंदर अधिकारी सांगतात. लाइट कधी येणार याला महावितरण. पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाचं फॅक्ट चेक पथक २०१९ पासून काम करतंय, पण ते केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतं. तुमच्या पाझर तलावाची भिंत खचली का, हे तिथे विचारून उपयोग नाही.

पानाच्या खाली नंबर : जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०, पोलीस आणि तातडीची मदत ११२, समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दल १५५४, पैशांची ऑनलाइन फसवणूक १९३०. मुंबईच्या फोनवरून १०७७ लावला तर तो तिथल्याच जिल्ह्याला लागू शकतो, म्हणून आपल्या जिल्ह्याच्या कक्षाचा एसटीडी कोडसह लँडलाइन नंबरही लिहा. धरणावरच्या चौकीदाराचा किंवा शाखा अभियंत्याचा नंबर पाटबंधारे कार्यालयातून मागून घ्या. तो एक नंबर बाकी सगळ्यांच्या तोडीचा आहे. आणि हे सगळे नंबर मे महिन्यात एकदा लावून बघा. बदलीमुळे निम्मे बदललेले असतात.

ग्रुप दोन हवेत. एक नेहमीचा, गजालींचा म्हणजे गप्पांचा, त्यात काय चालायचं ते चालू दे. दुसरा फक्त सूचनांचा, सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' असं केलेला. त्यात शुभ सकाळ नाही, वाढदिवस नाही, पक्षाचं काही नाही. हा शेवटचा नियम एकदा मोडला की निम्मं गाव त्या ग्रुपवरचा विश्वास काढून घेतं. पावसाळ्यात त्यावर रोज सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात वाजता एक संदेश जायला हवा, सांगण्यासारखं काही नसलं तरी : "आज यलो अलर्ट. नदी पात्रात. फेरी बोट चालू." आठ दिवसांत लोकांना सवय लागते, आणि मग रात्रीची क्लिप आली की ती फॉरवर्ड करण्याआधी माणूस हा ग्रुप उघडून बघतो. सगळ्या तयारीतून मिळवायचं ते एवढंच.

प्रत्येक फोनमध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप टाकून घ्या, भाषा मराठी निवडा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी'. मोबाइलवर अचानक कर्कश आवाजात सरकारी इशारा झळकतो, तो टॉवरवरून थेट येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. नव्या माणसाला तो व्हायरस वाटतो, म्हणून ग्रामसभेत एकदा समजावून सांगा.

खबर आली : पहिला अर्धा तास

मूळ संदेश जपून ठेवा. कुणी पाठवला, किती वाजता, ते लिहा. स्क्रीनशॉट घ्या, पण तो "हे खरं आहे का?" म्हणून मोठ्या ग्रुपवर टाकू नका. प्रश्नचिन्ह लावून पाठवलेली अफवाही अफवाच पसरवते. तपासायला नेमलेल्या वाड्यांतल्या माणसांच्या वेगळ्या छोट्या ग्रुपवर टाका.

संदेशावरचा बाण बघा. एक बाण म्हणजे कुठून तरी पुढे आलेला. दुहेरी बाण म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून फिरत आलेला, आणि असा संदेश व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं. ही बंधनं हौसेने आलेली नाहीत. जुलै २०१८ मध्ये, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पाच जणांना जमावाने मारलं, त्यानंतर भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा आली. पण बाण नसला म्हणून संदेश खरा ठरत नाही. मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण उडतो.

मग दावा तोडा. "धरण फुटलं, तीन गावं गेली, कलेक्टरने रस्ता बंद केला" यात तीन वेगळे दावे आहेत आणि तीन वेगळे फोन. प्रत्येकाला कुठलं, कधी, कोणी पाहिलं, हे तीन प्रश्न लावा. ठिकाण, वेळ आणि नाव, तिन्ही नसलेली खबर बहुतेक वेळा रिकामी निघते. "माझ्या मावशीचा मुलगा कलेक्टर ऑफिसात आहे" हे नाव नव्हे.

तपास चालू असताना खबरदारी थांबवायची नाही. ही गोष्ट शहरात बसून लिहिलेल्या सल्ल्यांत सुटते. धरणाच्या खाली, नदीकाठी दहा घरं असतील आणि फोन लागत नसेल, तर त्या दहा घरांनी शाळेत येऊन बसावं. खबर खोटी निघाली तर दोन तासांची झोप जाईल, एवढंच. पण सांगताना तसंच सांगा : "खात्री झालेली नाही, म्हणून सावधगिरी." खात्री असल्याचा आव आणू नका.

फोटो आणि व्हिडिओ

व्हिडिओ थांबवून तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या : सुरुवातीचा, मधला, आणि ज्यात इमारत, पूल किंवा पाटी दिसते तो. वर चिकटवलेली अक्षरं कापून टाका, कारण शोध त्या अक्षरांकडे भरकटतो. गूगल लेन्समध्ये टाका. काही सापडलं नाही तर यांडेक्स किंवा टिनआय या फोटो शोधणाऱ्या दुसऱ्या साइटांवर. मिळालेल्या निकालांत सगळ्यात जुना शोधा. तोच फोटो तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवर असेल तर तो आजच्या पुराचा असूच शकत नाही. उलट मात्र खरं नाही. जुना सापडला नाही म्हणजे आजचा आहे असं सिद्ध होत नाही.

यंत्राला सापडत नाही ते आपल्या डोळ्यांना सापडतं. गाडीची नंबरप्लेट : रायगड एमएच ०६, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८. एसटीचा रंग आणि डेपोचं नाव. दुकानाच्या पाटीची लिपी. होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक, आपल्या राज्याच्या बोटीवर आयएनडीनंतर एमएच असतं. गडगा (कुंपणाची दगडी भिंत) जांभ्याचा आहे का, माती लाल आहे का, छपरावर मंगलोरी कौलं आहेत का? बोलणारा "आयलो" म्हणतोय की "आलू" की तिसरंच काही? कोकणातली बाई दहा सेकंद ऐकून बोली दापोलीची की वेंगुर्ल्याची ते सांगते. असा कान कुठल्याही सॉफ्टवेअरला नाही. तरी कौलं आणि माती गोव्यापासून केरळपर्यंत तशीच दिसतात, त्यामुळे हा पुरावा "आपला नाही" म्हणायला जास्त उपयोगी, "आपला आहे" म्हणायला कमी.

आवाजाच्या क्लिपवर आता कानानेही भरवसा ठेवता येत नाही. ओळखीच्या अधिकाऱ्याचा किंवा पुढाऱ्याचा आवाज यंत्रावर हुबेहूब तयार होतो. उपाय जुनाच : क्लिप ऐकून नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर त्या माणसाला फोन करून विचारा. क्लिपसोबत आलेल्या नंबरवर नाही.

सुट्टीच्या पत्रांचा वेगळा प्रकार आहे. जुलैत दर रेड अलर्टला जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र फिरतं. मुलांना आधी मिळतं, हेडमास्तरांना नंतर. बहुतेक वेळा ते मागच्या वर्षीचं, तारीख बदललेलं. तारीख आणि वार जुळतात का बघा. तारीख खोडणारा वार बदलायला विसरतो, आणि वर्षागणिक वार एकाने, लीप वर्षात दोनाने सरकतो. मग जावक क्रमांक, मग जिल्ह्याची वेबसाइट. रेड अलर्ट म्हणजे आपोआप सुट्टी नाही. हवामान विभाग रंग देतो, सुट्टी जिल्हाधिकारी देतात.

कशाला उत्तर द्यायचं, कशाला नाही

प्रत्येक बाष्कळ संदेशाला उत्तर देत बसलात तर तुम्हीच अफवांची दवंडी पिटाल. ज्याने माणूस पळेल किंवा हात उगारेल त्याला पंधरा-वीस मिनिटांत उत्तर : धरण, त्सुनामी, दरड, मुलं पळवणारे, दोन समाजांत भांडण लावणारं काही. ज्याने नुकसान होईल पण उद्या होईल, त्याला संध्याकाळच्या सातच्या संदेशात उत्तर : मासळीत विष आहे, रेशन बंद होणार, नुकसानभरपाईचा फॉर्म. बाकीचं सोडून द्या. एकाच घरातल्या चौघांनी पाहिलेल्या संदेशाला गावभर उत्तर दिलं, तर उरलेल्या चारशेंना तो तुमच्याकडून कळतो.

उत्तर कसं लिहावं

आपल्याकडे ठरलेला मजकूर असा असतो : "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, समाजमाध्यमांवर फिरत असलेल्या अफवांवर विश्वास ठेवू नये, अन्यथा कठोर कारवाई करण्यात येईल." यातून कुणालाही काही कळत नाही. कुठली अफवा? मग खरं काय? आता मी काय करू? ज्याने ती क्लिप ऐकलेलीच नाही तो विचारत सुटतो की काय झालं बुवा.

हा बघा दुसरा :

"धरण शाबूत आहे. २३ जुलै, रात्री १०.४०. धरणावरच्या कर्मचाऱ्याशी १०.३० ला बोलणं झालं. सांडव्यावरून पाणी चालू आहे, ते दरवर्षी असतं. धरण फुटल्याची क्लिप फिरतेय, ती चुकीची आहे. खालच्या वाडीने गुरं वर बांधावीत. पुढची खबर १२ वाजता. सरपंच, पोलीस पाटील."

खरं सुरुवातीला, कारण वाचणारा पहिली ओळ लक्षात ठेवतो. खोट्याचा उल्लेख एकदाच आणि मध्ये, मग पुन्हा काय करायचं ते. "धरण फुटलेलं नाही" याऐवजी "धरण शाबूत आहे", कारण घाईत वाचताना आणि फाटक्या आवाजात ऐकताना "नाही" गळून पडतं आणि "धरण फुटलं" तेवढं उरतं. कशावरून सांगतोय आणि किती वाजता, हे नसेल तर तुमचाही संदेश उद्या शिळा होऊन अफवेसारखाच फिरेल. आणि पुढची वेळ द्याच. बारा वाजता खबर येणार हे ठाऊक असलेला माणूस अकरा वाजता इकडेतिकडे विचारत नाही.

माहिती नसेल तेव्हाही संदेश जायला हवा : "धरणाबद्दलची क्लिप आम्हाला १०.१० ला मिळाली. धरणावर फोन लागत नाही. एक जण पाटबंधारे कार्यालयाशी बोलतोय. १०.४० ला सांगतो." "अजून कळलेलं नाही" असं वेळ देऊन सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात, गप्प बसणाऱ्यावर नाही. ठरलेली वेळ मात्र पाळायची, तेव्हाही काही कळलेलं नसलं तरी.

लांबी दोनशे अक्षरांच्या आसपास, फार तर तीनशे. तैवानच्या सरकारी खात्यांनी असाच दंडक घातला, मजकूर छोटा आणि सोबत दोन चित्रं, कारण लांब खुलासा कोणी पुढे पाठवत नाही. चित्र पाठवायचं तर शंभर केबीच्या आत, नाही तर सड्याखालच्या (पठाराखालच्या) वाडीत ते गोल गोल फिरत बसतं. साधा मजकूर सोबत हवाच. तिरका स्कॅन केलेला पीडीएफ अजिबात नको. खोटा फोटो दाखवायचाच असेल तर "खोटा" हा शब्द फोटोच्या मध्यावरून आडवा छापा. कोपऱ्यात छापलेला कापून टाकता येतो.

आणि तीस-चाळीस सेकंदांचा आवाज, गावच्या बोलीत. म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही किंवा चष्मा सापडत नाही. मालवणीत "धरण शाबूत आसा, पाणी सांडव्यावरसून सोडलेला हा" हे पोलीस पाटलाच्या ओळखीच्या आवाजात ऐकलं की जो धीर येतो, तो "कळविण्यात येते"ने येत नाही. मोहल्ल्यात कोकणी मुसलमानी बोलीत, कोळीवाड्यात तिथल्या. देवळाचा आणि मशिदीचा भोंगा दोन्हींवरून एकच मजकूर, एकाच वेळी जायला हवा. दोघांकडे तो कागदावर लिहून द्या, तोंडी नको.

किनाऱ्यावरच्या नेहमीच्या अफवा

समुद्र मागे गेला, त्सुनामी येतेय. असा व्हिडिओ अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतो, कारण तेव्हा उधाणाची भरती मोठी तशी ओहोटीही खोल लागते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हा हिशेब येणारे लोक कोळीवाड्यात अजून आहेत. त्यांना विचारा की या वेळी ओहोटी असायला हवी का. मग इन्कॉइसचं पान बघा. मोठ्या भूकंपानंतर साधारण दहा मिनिटांत त्यांचं पहिलं बुलेटिन येतं. आपल्या किनाऱ्याला त्सुनामी अशक्य नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्यावर पहाटे भूकंप झाला आणि लाटा काही तासांनी सकाळी मुंबईला पोहोचल्या होत्या. लांबच्या भूकंपात तपासायला वेळ मिळतो तो असा. पण किनाऱ्यावर उभं राहवणार नाही इतका जमिनीचा हादरा बसला, किंवा भरतीच्या वेळी पाणी एकाएकी मागे हटलं, तर कोणाला विचारू नका, फोनही लावू नका, उंचावर जा.

अमुक रात्री इतक्या वाजता भूकंप होणार, हा संदेश मात्र न तपासता खोटा. भूकंपाची वेळ आधी सांगणारी पद्धत जगात कुठेही नाही.

चक्रीवादळ. परदेशी मॉडेलचं लालजांभळं चित्र, दहा दिवस पुढचं, वर गावाचं नाव. दहा दिवसांपुढच्या चित्रात वादळ रोज जागा बदलतं, आज दिवेआगर तर उद्या ओमान. हवामान विभाग किनाऱ्याला टप्प्याटप्प्याने सांगतो : सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा, आणि १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यानंतर काय होईल ते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेल्याशिवाय वादळाला नाव मिळत नाही. कमी दाबाचं क्षेत्र असतानाच नाव लावून संदेश फिरत असेल तर ते कुणीतरी यादीतलं पुढचं नाव उचललेलं असतं. वादळाच्या सूचनेसाठी बंदरात लावतात त्या बावट्याचंही तसंच. तीन नंबर म्हणजे बंदरावर जोराचे वारे येतील, सावध राहा. गाव खाली करा असा त्याचा अर्थ नाही. फोटोत आकडा बदलणं सोपं असतं, तेव्हा बंदरावर माणूस पाठवून बघा.

कोयनेचं पाणी सोडलं. वाशिष्ठीकाठी ही अफवा दर पुरात येते आणि तिला अर्धसत्याचा टेकू आहे. कोयना धरणाचे दरवाजे उघडले की पाणी पूर्वेला कोयना नदीतून कराडला कृष्णेत जातं, कोकणात उतरत नाही. पश्चिमेला येतं ते वीजनिर्मितीनंतरचं पाणी, पोफळी आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत. म्हणून "कोयनेचे दरवाजे उघडले" ही बातमी खरी असली तरी चिपळूणकराने तिला घाबरायचं कारण नाही. त्याने विचारायचं ते वीजगृहातून किती पाणी येतंय आणि भरती कधी आहे. हे उत्तर पुराच्या रात्री समजावता येत नाही. जूनमध्येच नकाशा काढून शाळेत आणि ग्रामपंचायतीत लावा. अफवा येण्याआधी तिचं उत्तर देऊन ठेवणं नंतरच्या खुलाशापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

मुलं पळवणारे. ही सगळ्यात घातक. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना मारलं. म्हणून अशी अफवा आली तर ती कुठून आली ते नंतर शोधा. आधी ११२, आणि पोलीस पाटलाचा आवाज : "गाडी अडवू नका, नंबर लिहून घ्या, मला कळवा." त्याहून कामाची गोष्ट म्हणजे बाहेरची माणसं येण्याआधी सांगणं. बागेत राखणीला आलेले नेपाळी, भंगारवाले, सर्व्हेवाले, केबल टाकणारे, आरोग्य पथक : "उद्या दोन गाड्या मोजणीला येणार, नंबर असे" एवढी ओळ सातच्या संदेशात गेली की निम्मा धोका टळतो.

वादळानंतरचे फॉर्म. नुकसानीचा पंचनामा शासनाची माणसं घरी येऊन करतात. फोनवर आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल उघडायची नाही, ओटीपी सांगायचा नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३०, लाजून दोन दिवस घालवू नका.

मुंबईकर मंडळ

कोकणातल्या गावाची खबर सरळ रेषेत चालत नाही, ती मुंबईला जाऊन परत येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, खांब आणि टॉवर आडवे झाले आणि अनेक गावांशी कित्येक दिवस संपर्क नव्हता. अशा वेळी परळ-नालासोपाऱ्यातले चाकरमानी आईबापांच्या काळजीने जे मिळेल ते एकमेकांना पाठवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ती रिकामी जागा आपणच ठेवलेली असते.

गावच्या मुंबईकरांच्या मंडळातला एक माणूस आधीच नेमा. गावची खबर त्याच्याचकडे जाईल, तोच पुढे देईल. गावात प्रत्येक वाडीची घरवार यादी कागदावर तयार असू दे. वादळ गेल्यावर यादीत प्रत्येक घराच्या नावापुढे तीनपैकी एक खूण : सुखरूप, जखमी, घर पडलं. सड्यावर किंवा घाटीत जिथे रेंज पकडते ती जागा आधी हेरून ठेवा, आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी एकाने तिथे जाऊन यादीचा फोटो पाठवावा. त्याच्या फोनचं चार्जिंग गावाचं समजायचं, ट्रॅक्टरच्या किंवा बोटीच्या बॅटरीवर का होईना. मृत्यूची खबर ग्रुपवर जाणार नाही, घरच्यांना आधी फोन, हे मंडळाकडून कबूल करून घ्या.

कायदा, आणि त्याचा धाक

आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवल्यास आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. लोकांत घबराट किंवा वैर पसरवणाऱ्या खोट्या विधानांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आहे. पण घाबरून फॉरवर्ड करणाऱ्या काकूंवर हे उगारू नका. धाक दाखवला की लोक फॉरवर्ड करणं थांबवत नाहीत, तुम्हाला दाखवणं थांबवतात, आणि अफवा तुमच्या नजरेआड फिरू लागते.

कायद्याचा अतिरेकही आपल्याच किनाऱ्यावर झालेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं, कलम ६६अ रद्द केलं. केंद्र सरकारविषयीची कुठली माहिती खोटी हे सरकारच्याच पथकाने ठरवायचं, हा नियमही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल केला. यातून गावाने एवढं घ्यावं की सरपंचावरची टीका ही अफवा नव्हे. सूचनांच्या ग्रुपवरून ज्या दिवशी रस्त्याच्या कामाबद्दलच्या तक्रारीला "खोटं" म्हटलं जाईल, त्या दिवशी तो ग्रुप संपला. ॲडमिनला सदस्याच्या प्रत्येक पोस्टसाठी तुरुंग, ही मात्र स्वतःच एक अफवा. केवळ ॲडमिन आहे म्हणून तो जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

एकट्याला समजावताना ग्रुपवर नको, फोन करा. "काका, ही क्लिप तुम्हाला कोणी पाठवली? मी धरणावर विचारलं, ते असं म्हणाले. तुम्हीच तुमच्या ग्रुपवर सांगाल का?" चुकलेल्यालाच दुरुस्ती सांगायला लावली की त्याची लाज राहते आणि अफवा ज्या वाटेने गेली त्याच वाटेने उत्तर जातं.

वही

शंभर पानी वही, पाच रकाने : खबर काय, आपल्याला किती वाजता कळली, कोणाला विचारलं, उत्तर किती वाजता गेलं, शेवटी काय निघालं. दिवाळीनंतर उघडून बघा. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात जिथे तासाहून जास्त अंतर आहे तिथे थांबा. बहुतेक ठिकाणी एकाच नंबरापाशी अडलेलं दिसेल, पुढच्या मे महिन्यात तो आधी बदला. शेवटच्या रकान्यात कधी तरी "आपण चुकलो" असंही येईल. तशी दुरुस्ती त्याच ग्रुपवर, त्याच भोंग्यावरून आणि त्याच आवाजात जायला हवी, जुना संदेश पुसून न टाकता : "रात्री ११ वाजता रस्ता चालू आहे असं सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. दरड ११.२० ला आली. रस्ता बंद आहे. पुढची खबर सकाळी ६ वाजता."